विमलाक्कांचा न हलणारा रस्ता

रोज सकाळी साडेसहाला विमलाक्का आमच्या गल्लीतून पाण्यानं भरलेला पेला घेऊन चालायच्या. भरलेला म्हणजे आणखी एक थेंब मावणार नाही इतका. पेला ताटलीवर, ताटली उजव्या हातात, कोपर अंगाशी, गुडघे किंचित वाकलेले आणि नजर सरळ समोर. गल्लीच्या टोकाच्या विजेच्या खांबापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. दारात आल्यावर ताटलीत सांडलेलं पाणी खोकल्याच्या औषधाच्या मापानं मोजायचं आणि वहीत लिहून ठेवायचं.

वय अडुसष्ट. अंगावर सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट.

केशवापूरची आमची गल्ली सभ्य आहे. इथं तोंडावर कुणी काही विचारत नाही, आपापल्या घरात बसून ठरवून टाकतात. पहिल्या आठवड्यात असं ठरलं की अक्कांनी नवस बोललाय. दूधवाला सायकलवरून उतरून बाजूला उभा राहू लागला. समोरच्या कुलकर्णी काकूंनी तर एके दिवशी तांब्या आणला आणि अक्कांच्या पायांवर पाणी घातलं. अक्का थांबल्या. पेल्यातलं पाणी हललं नाही.

"माझे बूट ओले का केलेत?" त्या म्हणाल्या. "कारण द्या."

काकू तांब्या घेऊन घरात गेल्या. अक्का पुढं निघाल्या, पण ओल्या बुटांची त्या दिवशीची नोंद त्यांनी वेगळ्या शाईनं केली.

हे 'कारण द्या' तुम्हाला समजायला हवं. विमलाक्कांनी लॅमिंग्टन रोडवरच्या एका मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं. प्रश्नपत्रिकेत 'शास्त्रीय कारण द्या' असा एक प्रश्न असायचा, आठवत असेल. बाकीचे शिक्षक तो पेपरातच ठेवून घरी यायचे, अक्का सोबत घेऊन यायच्या. भाजीवाली म्हणाली, आज दोडका महाग आहे, की कारण द्या. रिक्षावाला कमरीपेठेत यायला नाही म्हणाला, की तेच कानडीत, "कारण हेळ्री." आणि कारण पटलं तर मुकाट्यानं दुसरी रिक्षा बघायच्या, हेही खरं. आमच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी गेलो होतो तेव्हा त्यांनी ती उलटसुलट वाचली आणि विचारलं, "हिच्याशीच का?" मी वकिली करतो, बोलणं हा माझा धंदा आहे, तरी मी तिथं अडखळलो. ते मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, अजून विसरलेलं नाही.

तर त्या पेल्याचं कारण मला कळलं ते स्केट्समुळं. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. रविवारी सकाळी अक्का दारात उभ्या.

"वकील, तुमच्या मुलीचे चाकाचे बूट माळ्यावर आहेत ना?"

आहेत, म्हटलं. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून तिथंच पडलेत.

"त्यातली बेअरिंगं मला हवीत. चार. बाकी बूट परत देते."

चाकं काढलेले चाकाचे बूट परत घेऊन मी काय करणार, हा प्रश्न मी गिळला आणि विचारलं, "कशाला हो, अक्का?"

त्या खूश झाल्या. आयुष्यभर कारणं मागणाऱ्या बाईला कुणी कारण मागितलं की ती अशी खुलते.

"माणूस चालताना फोननं चित्रण केलं तर चित्र हलतं. पाऊल पडलं की धक्का, हात थरथरला की धक्का. तो धक्का कॅमेऱ्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी एक दांडा करतेय. वर फोन, खाली वजन, आणि मधे असा सांधा, की माझा हात हलला तरी दांडा हलणार नाही. तुम्ही बसमध्ये उभे राहता, बस हलते, पण छताला टांगलेली कडी आपल्या वजनानं सरळच लोंबते. तसं."

"कडी तर हलते की, अक्का."

त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं. शाळेत एखादी ढ मुलगी अचानक बरोबर उत्तर देते तेव्हा बाई बघतात तसं.

"हलते," त्या म्हणाल्या. "तिथंच अडलंय सगळं."

सकाळचा पेला म्हणजे चालण्याचा सराव होता. दांडा कितीही चांगला झाला तरी माणूस आदळत आपटत चालला तर उपयोग नाही, म्हणून वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी विमलाक्का चालायला शिकत होत्या.

दांड्यासाठी त्यांनी स्वतःच्या पुढच्या खिडकीची पडद्याची नळी काढली. त्यामुळं पडदा गेला आणि अक्का टेबलापाशी काय करतात ते अख्ख्या गल्लीला दिसू लागलं. वरची फोन ठेवायची पट्टी म्हणजे मिसळणाच्या डब्याचं झाकण. मूठ सायकलच्या हँडलची. खालच्या वजनासाठी लोखंडी वॉशर, ते एकेक करून दोऱ्यात ओवलेले, हवे तितके वाढवायचे किंवा काढायचे. मधला सांधा मात्र घरात होण्यासारखा नव्हता. तो करायला त्या कमरीपेठेत बसवराजच्या लेथवर जायच्या.

एकदा मी सोबत गेलो होतो. अक्कांना पाहताच बसवराजनं लेथ बंद केला आणि उसासा टाकला.

"मत्त बंद्रेन्री, टीचर?" पुन्हा आलात का, असं त्यानं विचारलं खरं, पण खुर्ची आधीच पुसून ठेवलेली होती.

अक्कांनी पिशवीतून सांधा काढला. तो त्यानं तिसऱ्यांदा करून दिलेला. त्यांनी तो बोटांत धरून हलवला आणि बसवराजच्या कानाशी नेला. मला काही ऐकू आलं नाही. बसवराजनं मात्र मान खाली घातली.

"केसभर ढिला आहे," अक्का कानडीत म्हणाल्या. "कारण सांग."

"टीचर, ट्रॅक्टरचा सांधा मी ह्याच्यापेक्षा ढिला देतो. शेतकरी खूश असतात."

"शेतकरी ट्रॅक्टरवरून फोटो काढतो का?"

बसवराजनं माझ्याकडं पाहिलं. "साहेब, माझी बायको ह्यांच्या वर्गात होती. कारणं द्यायच्या प्रश्नात नापास झाली. आता ती घरी मला विचारते, उशीर का झाला, कारण द्या." असं म्हणून त्यानं लेथ सुरू केला आणि चौथा सांधा करायला घेतला. ह्या खेपेला त्यानं चष्मा लावला.

सांधा जमला, पण दांडा जमेना. त्याची एक परीक्षा असते. दांडा आडवा धरायचा आणि सोडायचा. तो आपसूक खाली वळून उभा राहायला दोन सेकंद लागले पाहिजेत. लवकर आला तर बूड जड, मग चालताना तो घड्याळाच्या लंबकासारखा झुलणार. आलाच नाही तर डोकं जड. बिनपडद्याच्या खिडकीतून अक्कांचा आवाज यायचा, "एक... दोन..." आणि मग वॉशरचा खुळखुळाट. आमच्याकडं मंगल भाजी चिरता चिरता कान देऊन असायची. "आज बूड जड आहे," ती मला सांगायची. पुढं पुढं मी सोफ्यावर बसलो तरी ती तेच म्हणू लागली.

परीक्षेसाठी अक्का माझा जुना फोन वापरायच्या, आपला नव्हे. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पडू शकतो." आणि पडलाच. झाकणाचा स्क्रू सुटला आणि फोन खिडकीतून उडून कुंडीतल्या कढीपत्त्यात जाऊन बसला. अक्कांनी आधी वॉशर मोजले, मग वहीत लिहिलं, मग फोन शोधला. फोनच्या काचेला तडा गेला होता. "तडा मधून नाही गेलाय, कोपऱ्यातून गेलाय," त्या मला समजावून सांगत होत्या. "बघा, कोपऱ्यावर सगळा जोर एकवटतो." मला माझ्या फुटलेल्या फोनबद्दल शोक करायचा होता, पण ती संधी मिळाली नाही. उलट तो तडा इतका व्यवस्थित समजल्याचं समाधान वाटलं. विमलाक्कांचं हेच आहे. त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसलं की आपल्या नुकसानीतही रस वाटू लागतो.

एव्हाना गल्लीनं नवं ठरवलं होतं. अक्का यूट्यूबवर चॅनेल काढणार. कुलकर्णी काकूंनी चकलीची भाजणी दळून ठेवली, न जाणो पहिला कार्यक्रम पाककृतीचा असला तर. कोपऱ्यावरचा संतोष, जो लग्नांचं शूटिंग करतो, तो तर एक दिवस आपलं विकतचं यंत्रच घेऊन आला. बॅटरीवर चालणारं, काळंभोर, मुठीत धरलं की वरचा फोन मोरासारखी मान वळवायचा.

"अक्का, हे घ्या. लग्नसराई सुरू होईपर्यंत तुमच्याकडंच ठेवा. कशाला त्रास करून घेता?"

अक्कांनी ते दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी पुसून, डब्यात घालून परत केलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण परवा मधेच बंद पडलं. का, ते मला कळलं नाही. तुला विचारलं, तुलाही सांगता आलं नाही. माझा दांडा बिघडला तर का बिघडला ते मला कळेल. मला ह्या कामात मधेच बंद पडून चालायचं नाही."

संतोष गेल्यावर मी सहज विचारलं, "एवढं काय काम आहे, अक्का?"

ह्या एका गोष्टीचं कारण त्यांनी दिलं नाही. वॉशर ओवत राहिल्या.

गुढीपाडव्याच्या सुमाराला दांडा उभा राहिला. बरोबर दोन सेकंदात. मंगल चाकू खाली ठेवून बाहेर आली, मी आलो, कुलकर्णी काकू आल्या. अक्का दांडा घेऊन गल्लीत एक फेरी मारून आल्या आणि आम्हाला फोनवर चित्र दाखवलं. आमचीच गल्ली, पण पाण्यावरून होडी जावी तशी समोरून सरकत होती. घरं, फाटकं, तारेवर वाळत घातलेले कपडे, काही म्हणजे काही हलत नव्हतं. स्वतःचं घर इतक्या शांतपणे मी कधी पाहिलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "अगंबाई, आमचा रंग किती उडालाय." आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी घराला रंग दिला.

त्यानंतर तीन-चार दिवस अक्का संध्याकाळी पाचच्या आधी दांडा पिशवीत घालून बाहेर पडायच्या आणि सहाच्या सुमाराला परतायच्या. आणि मग एका शुक्रवारी म्हणाल्या, "वकील, रविवारी गाडी काढा. धारवाडला जायचंय."

वाटभर अक्कांच्या मांडीवर पर्स, पर्समध्ये फोन, हात पर्सवर.

धारवाडात एका बंगल्यासमोर आम्ही थांबलो. दार उघडणाऱ्या बाईनं अक्कांना "या टीचर" म्हणून आत नेलं आणि मला हळूच सांगितलं, "अत्तेंना बरं वाटेल. तुम्हीही या." अत्ते म्हणजे तिच्या सासूबाई, गिरिजा टीचर. अक्कांच्याच शाळेत त्या कानडी शिकवायच्या. केशवापुरातच राहायच्या. दोघींनी सव्वीस वर्षं शाळा सुटल्यावर सिटी बस सोडून पायी घरी यायचं, असा नेम ठेवला होता. लॅमिंग्टन रोडवरून निघायचं, रेल्वेचा पूल ओलांडायचा, गिरिजा टीचरांच्या फाटकाशी निरोप घ्यायचा. एक कानडीत बोलणार, दुसरी मराठीत, आणि दोघींनी आपली भाषा शेवटपर्यंत सोडली नाही. दोन वर्षांपूर्वी गिरिजा टीचरांच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. त्यातून वाचल्या, पण तोल गेला. उभं राहिलं की जग फिरतं. मोटारीत बसवत नाही. मुलानं त्यांना धारवाडला आणलं ते शेवटचं, तेव्हापासून त्या ह्या खोलीतून बाहेर पडलेल्या नाहीत.

"मागं टीचरनी फोनवर रस्ता काढून आणला होता," सूनबाई सांगत होती. "अत्तेंनी हौसेनं बघायला घेतला. चित्र इतकं हलत होतं की अर्ध्या मिनिटात उलटी झाली. टीचरना फार वाईट वाटलं. त्या दिवशी जेवल्यासुद्धा नाहीत."

म्हणून ती आज स्टीलचं घमेलं हाताशी घेऊन बसली.

गिरिजा टीचर उशांना टेकून बसल्या होत्या. बारीक, गोऱ्या, डोळ्यांत मिस्किलपणा. "बंदेल्ला," आलीस की, असं त्या अक्कांना कानडीत म्हणाल्या, "घेऊन आलीस तुझं यंत्र? ह्या वेळी मला मारू नकोस."

"नाही मारत," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी फोन टीव्हीला जोडला.

शाळेचं फाटक दिसलं. मुली बाहेर पडत होत्या. मग रस्ता सरकू लागला. बोलणं नाही, गाणं नाही, नुसता रस्त्याचा आवाज. आम्ही तिघंही टीव्हीकडं बघत होतो. विमलाक्का टीव्हीकडं बघत नव्हत्या. त्या गिरिजा टीचरांच्या चेहऱ्याकडं बघत होत्या.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. सूनबाईनं घमेलं हळूच खाली ठेवलं.

मला तेव्हा एक गोष्ट दिसली. चित्रात अक्का रस्त्याच्या अगदी कडेनं चालत नव्हत्या. डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा सोडून चालत होत्या. समोरून येणारे लोक त्या जागेत घुसू लागले की चित्र थांबायचं, त्यांना जाऊ द्यायचं, आणि पुन्हा ती जागा सोडून पुढं निघायचं.

पुलाच्या चढावर गिरिजा टीचर एकदम म्हणाल्या, "तडी, तडी," थांब, थांब. आणि टीव्हीतला रस्ता खरोखरच थांबला. पुलाच्या कठड्याशी, जिथं बघण्यासारखं काही नव्हतं, तिथं चित्र मिनिटभर उभं राहिलं. मला वाटलं, यंत्र बिघडलं. गिरिजा टीचर मात्र हसू लागल्या.

"मला इथं दम लागायचा," त्यांनी मला सांगितलं. "आणि ही म्हणायची, दम का लागतो त्याचं कारण सांग. चढ आहे बाई, आणखी काय कारण." मग अक्कांकडं वळून, "ते चाफ्याचं झाड कुठं गेलं गं? खाली, वळणावर?"

"मागच्या वर्षी तोडलं."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगून रडली असतीस," अक्का म्हणाल्या.

तोवर रस्ता केशवापुरात शिरला. एक हिरवं फाटक आलं, आत आता दुसरंच कुणी राहतं, पायऱ्यांवर कुणा मुलाची तीनचाकी. चित्र फाटकापुढं थांबलं. सूनबाई टीव्ही बंद करायला उठली, कारण रस्ता इथंच संपायचा होता.

पण चित्र पुन्हा चालू लागलं.

"इन्ना ऐतेनु?" गिरिजा टीचर म्हणाल्या. अजून आहे का?

अक्का पहिल्यांदाच गडबडल्या. "नाही, ते... मी इथं बंद करणार होते. राहून गेलं. काढून टाकते." त्या फोनकडं गेल्या.

"राहू दे."

फाटकाच्या पुढं दोन गल्ल्या आहेत. गिरिजा टीचर अक्कांच्या घरी शंभरदा आल्या असतील, सणाला, दुखण्याखुपण्याला. पण शाळा सुटल्यावर त्या फाटकातून आत जायच्या, आत मुलं वाट बघत असायची, चहा उकळत असायचा. त्यापुढं विमल कशी घरी जाते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आता टीव्हीत त्या दोन गल्ल्या सरकत होत्या. इथं चित्र डावीकडं जागा सोडत नव्हतं, सरळ मधून चाललं होतं. मग आमची गल्ली, मग अक्कांचं दार. कुलूप. चित्रात एक हात आला, किल्ली धरलेला. एका हातानं दांडा सांभाळत दुसऱ्यानं कुलूप काढताना तेवढ्या एका जागी सगळं चित्र थरथरलं. अक्कांनी घाबरून गिरिजा टीचरांकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

दार उघडलं. आत अंधारी खोली, टेबल, एक खुर्ची, पालथी घातलेली एक कपबशी. चित्र तिथं थोडा वेळ उभं राहिलं आणि संपलं.

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली.

"ओब्बाकीना?" गिरिजा टीचरांनी विचारलं. एकटीच? इतकी वर्षं हे ठाऊक असूनही त्यांनी ते नव्यानं कळल्यासारखं विचारलं.

"हो," विमलाक्का म्हणाल्या आणि टीव्हीची वायर गुंडाळू लागल्या.

"गुंडाळू नकोस. परत लाव," गिरिजा टीचर उशांवर जरा सरळ झाल्या. "सगळं नको. माझ्या फाटकापासून लाव. निन्न मनी तनका बर्तीनि."

तुझ्या घरापर्यंत येते, असं त्या म्हणाल्या. विमलाक्कांनी त्याचं कारण विचारलं नाही. वायर पुन्हा जोडली, खुर्ची ओढून पलंगाच्या उजव्या अंगाला घेतली आणि ह्या वेळी त्याही टीव्हीकडं बघत बसल्या.